एवढा खर्च केला, तरी मुलं खूश का नाहीत?

मी समुपदेशक आहे. जानेवारी उजाडला की परदेशातल्या मराठी घरांतून माझ्याकडे एकच तक्रार येऊ लागते. "ताई, नाताळच्या सुट्टीत मुलांना डिस्नेला नेलं. पाण्यासारखा पैसा ओतला. तरी मुलं कुरकुरत होती आणि आम्ही दोघं भांडत होतो. आमचं चुकलं कुठे?" खोपोलीच्या इमॅजिकाला दोन दिवस राहून आलेले ठाण्या-पुण्याचे आईबाबाही हेच विचारतात, फक्त रक्कम लहान असते. म्हणून एका कुटुंबाबद्दल सविस्तर लिहिते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

जोडपं न्यू जर्सीतलं, दोघंही आयटीत. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाचची. नाताळ ते नववर्ष हा आठवडा ऑरलँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये वर्षातल्या सर्वाधिक गर्दीच्या दिवसांत मोडतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण दोघांची रजा तेव्हाच जुळत होती. १९७१ साली सुरू झालेलं हे ठिकाण सुमारे शंभर चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे आणि त्यात चार मोठी पार्क आहेत. बाबांनी एक्सेलमध्ये चार दिवसांत चारही बसवली होती.

"मुलांना उठवायचात किती वाजता?"

"साडेपाचला. रिसॉर्टच्या हॉटेलात राहणाऱ्यांना अर्धा तास आधी आत सोडतात ना."

"आणि झोप?"

"आतषबाजी बघून परत येईपर्यंत अकरा."

तिसऱ्या दिवशी ते स्पेस माउंटन या राइडपाशी पोचले. तिथे ११२ सेंटिमीटर उंची लागते. मुलगी थोडक्यात कमी भरली आणि तिने तिथेच बसकण मारली. दादा म्हणाला, मी जाणारच. बाबा मुलीवर ओरडले, आई बाबांवर ओरडली, आणि विमानात बसेपर्यंत दोघांत अबोला. खरं तर तिथे एक सोय आहे. एकाने मोठ्याला घेऊन राइडवर जायचं, दुसऱ्याने धाकट्याजवळ थांबायचं, मग पुन्हा सगळी रांग न लावता अदलाबदल करायची. बाबांना ही सोय माहीत होती. त्यांच्या एक्सेलमध्ये तिच्यासाठी वेगळा रकाना होता. ऐन वेळी ती आठवलीच नाही.

इथे माझे कान टवकारले. ज्याला सगळं माहीत आहे त्याला आणखी माहिती देऊन उपयोग नसतो. त्याच्या डोक्यात त्या क्षणी दुसरं काहीतरी गर्जत असतं, आणि ते ऐकणं हेच माझं काम. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडायला घेतलेल्या विचारावर माझा सारा भर आहे. प्रसंगापेक्षा त्याला आपण जोडलेली अट माणसाला जास्त छळते, असं मी त्यातून शिकले.

पुढे काही भेटी खर्चावर, सासरच्या बोलण्यावर, मुलांच्या मोबाइलवर गेल्या. मग एके दिवशी मी विचारलं, "ही सहल मुलांनी मागितली होती का?"

बाबा म्हणाले, "मुलगा एकदा बोलला होता." मग बराच वेळ थांबून, "नाही. मीच ठरवलं."

"कशासाठी?"

उत्तर आईने दिलं. "वर्षभर आम्ही घरात असून नसतो, ताई. दार लावून कॉल चालू असतात. मुलगी दाराबाहेर चित्र घेऊन उभी राहते."

बाबांचा आवाज बदलला. "मला ते सगळं फेडायचं होतं. त्या चार दिवसांत."

"आणि ती रडायला लागली, तेव्हा?"

"वाटलं, एवढं करूनही फिटलं नाही."

या एका वाक्याने मला आजवर भेटलेली कितीतरी घरं एकदम उलगडली. आपण सुट्टीला मुलांची सुट्टी म्हणतो, पण तिच्यावर वर्षभराच्या उधारीची वसुली लावून ठेवतो. मग मुलाने प्रत्येक क्षणी हसावं, अशी अट येते. दमलेलं, उपाशी, उंचीत न बसलेलं मूल रडलं, तर ते आईबापांना नापास केल्यासारखं लागतं. बाबा ओरडले ते मुलीवर नव्हे, त्या निकालावर. तो प्रश्न विचारता आला याचं मला आजही समाधान आहे.

मी त्यांना दोन गोष्टी वेगळ्या करायला लावल्या. वर्षभराची अनुपस्थिती वर्षभरातच भरून काढायची. रोज संध्याकाळी ठरावीक वेळी दार उघडं, लॅपटॉप बंद, आणि त्या वेळी मुलांनी काहीही करावं, नाहीतर काहीच करू नये. सुरुवातीला बाबा चुळबुळायचे. मुलगी मात्र दुसऱ्या आठवड्यापासून घड्याळ बघून येऊ लागली. सहल मग नुसती सहल उरली.

पुढच्या नाताळात ते पुन्हा ऑरलँडोलाच गेले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, पार्कचा दोष कधीच नव्हता. या वेळी दोनच पार्क घेतली. मुलीची उंची घरी भिंतीशी मोजली आणि काय जमेल, काय नाही हे तिला आधीच सांगितलं. प्रत्येकाने रोज एकच इच्छा सांगायची, बाकी मिळेल ते. दुपारी सगळ्यांनी खोलीवर परतून झोपायचं, कारण आवारातल्या हॉटेलसाठी जादा पैसे मोजायचे ते याचसाठी. पैशांचा विषय मुलांसमोर काढायचा नाही. "तुमच्यासाठी एवढं केलं" हे वाक्य तर पूर्ण वर्ज्य. आईला एपकॉट या पार्कमधला नाताळचा समूहगान आणि ख्रिस्तजन्मकथेचा कार्यक्रम बघायचा होता, तीच तिची इच्छा.

मुलगी तेव्हाही रडली, आतषबाजीच्या आवाजाला घाबरून. बाबा तिला घेऊन लवकर हॉटेलवर गेले. "वाईट वाटलं का?" मी विचारलं. "तिचं वाटलं," ते म्हणाले, "माझं नाही."

तुमच्याकडेही असंच होत असेल, तर पुढचं बुकिंग करण्याआधी जोडीदारासोबत बसून एवढंच विचारा: या सहलीतून आपण काय फेडायला निघालोय? उत्तर आलं, तर ते फेडण्याची सोय घरीच लावा. पण सुट्टी संपून महिना झाला तरी अबोला सुटत नसेल, किंवा मूल शाळेतही गप्प-गप्प राहत असेल, तर कारण सहलीबाहेरचं आहे. मग थांबू नका, जवळच्या समुपदेशकाला भेटा.