अमेरिकेतलं 'सबर्ब' म्हणजे आपलं 'उपनगर' का?

प्रश्न असा आलाय: अमेरिकेवरच्या एका लेखाच्या मराठी भाषांतरात "दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो गोरी कुटुंबं उपनगरांत राहायला गेली" असं वाक्य आहे. विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं, उपनगर म्हणजे बोरिवली, मुलुंड असंच ना, तिथे तर लोक दादर-गिरगावात परवडत नाही म्हणून जातात, मग लेखात ते नशीब उघडल्यासारखं का सांगितलंय आणि त्यात गोरे-काळे कुठून आले?

ताई, तुमची शंका अगदी बरोबर जागी आहे. भाषांतर करणाऱ्याने कोशात बघून लिहिलंय आणि कोशाप्रमाणे ते चूकही नाही. लॅटिनमध्ये 'सब' म्हणजे खाली किंवा लगत आणि 'उर्ब्स' म्हणजे शहर, आपल्याकडे 'उप' म्हणजे जवळचं, दुय्यम (उपनदी, उपग्रह, उपाध्यक्ष) आणि पुढे नगर. दोन्ही शब्दांची घडण जवळपास सारखी, म्हणून जोडी छान जुळते. पण शब्द जुळले तरी वस्तू जुळत नाही, आणि या वाक्यात सगळा अर्थ वस्तूत आहे.

आधी आपलं उपनगर बघू. मुंबई उपनगर जिल्हा पहिल्यांदा 1920 साली झाला. तेव्हा ही गावं मुंबई शहराच्या बाहेर होती, वांद्र्याची तर म्युनिसिपालिटीसुद्धा वेगळी होती. मग 1950 साली आणि पुन्हा 1957 साली मुंबई महापालिकेची हद्द वाढली आणि दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग आत आला. म्हणजे पाणी एकाच महापालिकेचं, घरपट्टी तिलाच, शाळा तिच्याच आणि नगरसेवक एकाच सभागृहात बसतात. जिल्हा 1990 साली पुन्हा वेगळा झाला, पण महापालिका एकच राहिली. पुण्यात कोथरूड, हडपसर यांनाही आपण उपनगर म्हणतो, ती पुणे महापालिकेतच आहेत. नाशिकमध्ये तर एका भागाचं नावच उपनगर आहे. थोडक्यात मराठी कानाला उपनगर म्हणजे शहराचाच लांबचा भाग, लोकल किंवा बस पकडून शहरात येणारा. 'हद्दवाढ' हा शब्द आपल्या पेपरात इतका रुळलाय कारण आपल्याकडे शहर वाढलं की आजूबाजूची गावं आत येतातच, उशिरा का होईना.

अमेरिकेत नेमकं हेच बऱ्याच ठिकाणी झालं नाही. ह्यूस्टनसारख्या काही शहरांनी हद्द वाढवत नेली, पण ईशान्येकडच्या आणि मिडवेस्टमधल्या (शिकागो, डेट्रॉइटच्या बाजूच्या) जुन्या औद्योगिक शहरांभोवती सबर्ब म्हणजे कायद्याने वेगळं गाव. त्याचा मेयर वेगळा, पोलीस वेगळे, बांधकामाचे नियम वेगळे आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बहुतेक ठिकाणी शाळांचा कारभार वेगळा, जो बऱ्याच अंशी तिथल्याच घरपट्टीवर चालतो. म्हणजे महाग घरांच्या गावात घरपट्टी जास्त जमते, शाळा चांगली होते, शाळा चांगली म्हणून घरं आणखी महाग. हे चक्र 'उपनगर' या शब्दात कुठेच दिसत नाही.

आता युद्धानंतरचा भाग, कारण वाक्य त्याच काळातलं आहे. सैनिक परत आले, घरांची प्रचंड टंचाई होती. 1944 च्या जीआय बिलामुळे, म्हणजे माजी सैनिकांना सवलती देणाऱ्या कायद्यामुळे, माजी सैनिकांच्या गृहकर्जाला सरकारी हमी मिळायला लागली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याची शेतं होती, तिथे लेव्हिट अँड सन्स या कंपनीने 1947 पासून घरं बांधायला घेतली, कारखान्यात मोटार बनते तसं काम वाटून दिलेलं, एक टोळी फक्त पाया घालणार, दुसरी फक्त रंग देणार. 1951 पर्यंत 17 हजारांवर घरं उभी राहिली, नाव लेव्हिटटाउन. 1949 साली तिथलं घर 7,990 डॉलरला मिळत होतं आणि माजी सैनिकाला हातात रोख रक्कम नसली तरी चालायचं. भाड्याच्या दोन खोल्यांतून स्वतःच्या अंगणाच्या घरात, म्हणून ते नशीब उघडणं होतं. 1956 च्या कायद्याने हायवेचं जाळं सुरू झालं तसं मोटारीने रोज ये-जा करणं आणखी सोपं झालं. लोकल ट्रेनवर जगणारं आपलं उपनगर आणि मोटारीवर जगणारं हे सबर्ब, इथेही फरक पडतो.

आणि गोरे-काळे? ते कागदावरच होतं. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारांत स्पष्ट कलम होतं की घरात गोऱ्या वंशाखेरीज कुणी राहायचं नाही, घरकामाला ठेवलेला नोकर मात्र चालेल. 1948 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असली कलमं न्यायालयं अंमलात आणू शकत नाहीत, कलम गेलं पण व्यवहार तसाच चालू राहिला. कर्जाला हमी देणारं सरकारी खातंच काळ्यांच्या वस्त्या जोखमीच्या धरत होतं. 1930 च्या दशकातल्या सरकारी नकाशांवर अशा वस्त्या लाल रंगात दाखवलेल्या होत्या, त्यावरूनच अशा वस्त्यांना कर्ज नाकारण्यासाठी पुढे 'रेडलाइनिंग' हा शब्द आला. तोच पगार, तेच युद्ध लढलेला माणूस, पण काळा असेल तर त्याला ते 7,990 डॉलरचं घर नाही. 1957 च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये मायर्स हे काळं कुटुंब राहायला आलं तेव्हा रोज रात्री जमाव जमायचा, घरावर दगड आले. घरांच्या बाबतीतला भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा 1968 च्या एप्रिलमध्ये झाला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात. तोवर वीस वर्षांत घरांच्या किमती चढून ज्यांची पुंजी तयार व्हायची त्यांची झाली होती. मला स्वतःला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते.

म्हणून अमेरिकन लेखात सबर्ब हा शब्द आला की वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे ठिकाण येतं, त्याहून जास्त वर्ग आणि वंश येतो. आता तिथे सगळ्या रंगाचे लोक राहतात, पण युद्धानंतरच्या काळाबद्दल बोलताना शब्दाला हा वास आहेच.

याच घरातले आणखी काही शब्द भाषांतरात असेच पाय घसरवतात, म्हणून सांगून ठेवतो. 'इनर सिटी' म्हणजे 'शहराची मध्यवस्ती' केलं की संपलंच, कारण मराठीत मध्यवस्ती हा घरांच्या जाहिरातीतला कौतुकाचा शब्द आहे, 'मध्यवस्तीत, मोक्याची जागा'. अमेरिकन इनर सिटी म्हणजे गोरे आणि पैसा निघून गेल्यावर मागे राहिलेली गरीब, बहुतांशी काळ्यांची वस्ती. डेट्रॉइट 1950 साली साडेअठरा लाखांचं शहर होतं, 2010 साली सव्वासात लाखांच्या आत आलं, त्या रिकाम्या झालेल्या भागाला मध्यवस्ती कसं म्हणणार? 'व्हाइट फ्लाइट'चं शब्दशः 'श्वेत उड्डाण' होईल पण इथला फ्लाइट उडण्यातला नाही, पळण्यातला आहे. 'स्थलांतर' फार थंड वाटतं. शेजारी काळं कुटुंब आलं म्हणून घर विकून निघणं, याला 'गोऱ्यांचा काढता पाय' मला जवळचं वाटतं. 'प्रोजेक्ट्स' म्हणजे सरकारने गरिबांसाठी बांधलेल्या भाड्याच्या इमारती, 'ती प्रकल्पात वाढली' असं लिहिलं तर आपल्याला धरणग्रस्त आठवतात. आणि 'ब्लॉकबस्टिंग'चा सिनेमाशी संबंध नाही, दलाल एका गल्लीत एक घर काळ्या कुटुंबाला विकायचे, मग शेजारच्या गोऱ्यांना घाबरवून त्यांची घरं स्वस्तात घ्यायचे आणि काळ्या गिऱ्हाइकांना चढ्या भावाने विकायचे, त्या धंद्याचं हे नाव.

मग मराठीत काय लिहावं. अमरकोशात 'शाखानगर' असा शब्द आहे, मूळ नगराहून वेगळं असलेलं पुर ते शाखानगर. अर्थाने तो उपनगरापेक्षा जवळ येतो कारण त्यात वेगळेपणा आहे, मला तो शब्द फार आवडतो पण आज वापरला तर लोकांना बँकेची शाखाच आठवेल. 'टाउनशिप' म्हणाल तर आपल्याकडे बिल्डरच्या टॉवरांचं संकुल, आणि न्यू जर्सीत टाउनशिप हा गावाच्या कारभाराचा प्रकार, म्हणजे गोंधळ दुप्पट. 'वसाहत' बरा आहे, पण एकटा पुरत नाही.

तिकडच्या मराठी लोकांनी हा प्रश्न बोलता बोलता सोडवलाय. 1965 च्या इमिग्रेशन कायद्यानंतर जे डॉक्टर-इंजिनियर गेले, त्यातले कितीतरी न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या सबर्बमध्येच स्थिरावले. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते, ती कधीच "आम्ही उपनगरात राहतो" म्हणत नाही. "आम्ही सबर्बमध्ये राहतो, इथलं स्कूल डिस्ट्रिक्ट चांगलं आहे म्हणून घर घेतलं" असं म्हणते. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळांचा तोच वेगळा कारभार, एका वाक्यात तिने फरक सांगून टाकलाय.

तेव्हा माझं मत, पहिल्यांदा शब्द येईल तिथे फोड करून लिहावं आणि पुढे सरळ सबर्ब वापरावं. तुमचं वाक्य मी असं करीन: "दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो गोरी कुटुंबं शहर सोडून सबर्बमध्ये, म्हणजे शहराच्या हद्दीबाहेर नव्याने वसलेल्या, स्वतःचा वेगळा कारभार असलेल्या घरांच्या वसाहतींत राहायला गेली." लिंग नपुंसकच ठेवावं, उपनगरासारखं, 'ते सबर्ब'. अनेकवचनाला इंग्रजी 'स' लावायची गरज नाही, 'शिकागोभोवतीची सबर्ब' छान चालतं. विशेषणाला 'सबर्बन' न करता 'सबर्बमधला मतदार', 'सबर्बमधलं बालपण' असं करावं. आणि लेख जर शिकागोच्या लोकल गाड्यांबद्दल असेल तर 'उपनगरी रेल्वे' खुशाल लिहा, तिथे दोन्ही भाषांत एकच वस्तू आहे.