कम्प्युटरचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी

घाटंजी तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. घरी पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. ओसरीवर छोटं किराणा दुकान. गाव तीनशे घरांचं. सातबारा, पीकविम्याची पावती, शाळेचे फोटो, कशासाठीही लोकांना अठरा किलोमीटरवर तालुक्याला जावं लागतं, म्हणून त्यांना दुकानातच प्रिंट आणि झेरॉक्स सुरू करायचं आहे. तालुक्याच्या दुकानदाराने कम्प्युटर, प्रिंटर, यूपीएस मिळून 94,000 चा सेट सांगितला. हातात असलेले 22,000 रोख भरायचे, उरलेले 72,000 दोन वर्षांच्या फायनान्सवर, व्याज ‘फक्त 14 टक्के’. भाचा म्हणतो, कम्प्युटर लागतच नाही, प्रिंटर थेट मोबाईलला जोडता येतो. कोणाचं ऐकू, असा प्रश्न आहे.

आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: ‘जुलैत मुलाच्या पॉलिसीचा तिसरा हप्ता आहे, 25,000. त्यासाठी गळ्यातली सोन्याची पोत गहाण ठेवावी लागेल. तरी कम्प्युटरचा हप्ता झेपेल का?’

ताई, भाच्याचं ऐका. ही काही नवी जादू नाही. मोबाईलच्या चार्जिंगच्या भोकातून दुसरं यंत्र चालवायची सोय, जिला सगळे ओटीजी म्हणतात, तिचे नियम 2001 सालीच ठरले. अँड्रॉइड मोबाईलमध्ये प्रिंट काढायची सोय 2013 पासून आतच बसवलेली असते. वाय-फाय असलेला, शाईची टाकी असलेला, झेरॉक्सही काढणारा प्रिंटर पंधरा-सोळा हजारांत येतो. ‘वाय-फाय डायरेक्ट’ आहे ना, तेवढं विचारा. तो असला की प्रिंटर स्वतःचंच नेटवर्क तयार करतो आणि मोबाईल थेट त्याला जोडला जातो. गावात नेट गेलं तरी मोबाईलमध्ये आधी उतरवलेला कागद छापता येतो. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपये भरून मोबाईलवरच उतरतो. 4×6 च्या एका फोटो कागदावर पासपोर्टचे आठ फोटो बसतात, ते जुळवायचं कामही मोबाईलवर होतं. आधारवरून पैसे काढून द्यायचे असतील तर अंगठ्याचं यंत्र ओटीजीने मोबाईलला लागतं. ते ‘एल-1’ प्रकारचं नोंदणीकृत यंत्र आहे, एवढी खात्री करून घ्या.

फक्त एक जपा. केबलने जोडला की कुठलाही प्रिंटर चालेल, असं धरू नका. स्वस्तातले बरेच प्रिंटर कागदावर काय उमटवायचं ते जोडलेल्या कम्प्युटरकडून तयार करून घेतात. मोबाईलमध्ये त्यांचं सॉफ्टवेअर नसलं तर केबल लावूनही कागद कोराच. म्हणून पैसे द्यायच्या आधी, त्याच दुकानात, तुमच्याच मोबाईलवरून सातबाऱ्याची एक पीडीएफ आणि एक फोटो छापून बघा. दुकानदार ‘घरी जाऊन होईल’ म्हणाला, तर दुसरं दुकान बघा. मोबाईल चार्ज होत असतानाच केबलने यंत्रं चालवायची असतील तर चार्जरची पिन घेणारा टाइप-सी हब लागेल. प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र, हब, कागद, सगळं 22,000 मध्ये बसतं. पुढे मराठी टायपिंगची कामं खरंच यायला लागली, तेव्हा कम्प्युटरचा विचार करा.

फायनान्सचा हिशेब दोन ओळींचा आहे. ते 14 टक्के तुम्ही फेडत गेलात तरी पूर्ण 72,000 वरच लावतात. दोन वर्षांचं व्याज 20,160, महिन्याचा हप्ता 3,840, आणि खरा दर 25 टक्क्यांच्या आसपास. तुम्ही रोज 500 ची कमाई धरली आहे. जून-जुलैत, पीकविमा आणि शाळाप्रवेशाच्या दिवसांत, तेवढी होईलही. कापूस वेचणीला सगळं गाव शेतात असतं, तेव्हा ओसरीवर कोण येणार? वर्षाची सरासरी मी दिवसाला 150 धरतो, महिन्याला 25 दिवस. झाले 3,750. त्यातून कागद, शाई, वीज. हप्ताही निघत नाही.

प्रिंटरचं इथे संपलं. आता पोत.

तुम्ही पाठवलेला पॉलिसीच्या बॉण्डचा फोटो मी दोनदा वाचला. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये पीककर्जाचं नवं-जुनं करायला गेलात, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने ‘ही मुलाची एफडीच आहे, पाच वर्षांत दुप्पट’ म्हणून सह्या घेतल्या. कंपनीचा फोन येईल, सगळ्याला ‘हो’ म्हणा, असंही सांगितलं. बॉण्डवर काय आहे? 25,000 चे बारा हप्ते, एकूण 3,00,000. पंधराव्या वर्षी 4,60,000. पाच वर्षांचं नाव नाही, दुप्पट तर कुठेच नाही. वर्षाचा परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. आणि मुलगा सात वर्षांचा असताना घेतलेली पॉलिसी तो बावीसचा झाल्यावर पिकणार. कॉलेजची फी अठराव्या वर्षी भरायची असते.

मला सगळ्यात जास्त राग आला तो ‘विमाधारक’ या रकान्याचा. तिथे मुलाचं नाव आहे. नऊ वर्षांच्या, एक रुपयाही न कमावणाऱ्या पोराच्या जिवावर अडीच लाखांचा विमा, आणि ज्यांच्या कष्टावर घर चालतं त्या तुमच्या नवऱ्याच्या नावावर काहीच नाही. उद्या त्यांना काही झालं तर या पॉलिसीतून घराला छदाम मिळणार नाही. उलट, हप्ता माफ होण्याचं कलम जोडलेलं नसेल (फोटोत तरी मला दिसलं नाही), तर पुढचे हप्ते तुम्हालाच भरावे लागतील.

हा हप्ता भरायला तुम्ही पोत ठेवणार, शेकडा दीड रुपयाने, म्हणजे वर्षाला 18 टक्क्यांनी. 25,000 वर व्याज 4,500 जाणार आणि पॉलिसीतून येणार जेमतेम 1,100. तुम्ही पीककर्ज वेळेवर फेडता. महाराष्ट्रात मुदतीत फेडलेलं 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे बिनव्याजी पडतं. इतक्या शिस्तीने वाचवलेलं व्याज एका पॉलिसीपायी सोनं गहाण टाकून घालवू नका.

‘दोन हप्ते भरलेत, ते बुडतील’ असं तुम्ही लिहिलंय. बुडतील, बरेचसे. 50,000 मधले किमान 15,000 परत मिळतील असं मी धरतो. आता उरलेले दहा हप्ते तुम्ही पोस्टात पीपीएफ या सरकारी बचत योजनेत भरले असं समजा, सध्याच्या 7.1 टक्क्यांनी. त्याच वर्षापर्यंत 4,57,000 होतात. परत मिळालेले 15,000 ही त्यातच टाकले तर 4,93,000. म्हणजे 35,000 चा फटका सोसूनही तुम्ही पुढेच राहता. फरक फार मोठा नाही, हे मान्य. पण पीपीएफला वर्षाला 500 भरले तरी खातं चालू राहतं. बोंडअळीच्या वर्षी कोणी 25,000 मागायला येत नाही आणि सोनं काढावं लागत नाही. सातव्या आर्थिक वर्षापासून काही रक्कम काढताही येते, म्हणजे कॉलेजच्या वेळी हाताशी.

शाखेत जाऊन तोंडी विचारू नका. कंपनीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दोन आकडे मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती मिळतील, आणि हप्ते बंद करून पेड-अप ठेवली तर शेवटी किती. ज्यात जास्त वाचतं ते निवडा. याच्यासोबतच तक्रारीचा वेगळा अर्ज करा: एफडी सांगून विमा विकला, पीककर्जाच्या कामात सह्या घेतल्या. पीककर्जाला आयुर्विमा सक्तीचा नाही, हे त्यात स्पष्ट लिहा. महिन्याभरात कंपनीने दाद दिली नाही, तर विमा नियामकाचं ‘बिमा भरोसा’ हे तक्रारीचं पोर्टल आहे (फोन 155255), आणि विमा लोकपालाकडे तक्रारीला एक पैसा लागत नाही. पूर्ण पैसे परत मिळतीलच, असं मी सांगणार नाही. पण अर्जच केला नाही, तर मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

नवऱ्याचं काम मात्र याच आठवड्यात उरका. बचत खात्यावर वर्षाला 436 रुपयांत प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, दोन लाख. 20 रुपयांत सुरक्षा विमा, अपघाताचे दोन लाख. दोन्ही तुमच्याही नावावर घ्या. हे पुरेसं नाही, म्हणून पुढे ‘सरल जीवन बीमा’ विचारा. तो साधा मुदतीचा विमा आहे, 5 ते 25 लाखांपर्यंत, आणि सगळ्या कंपन्यांकडे अटी सारख्याच. दोन-तीन कंपन्यांचे हप्ते विचारून घ्या. मुदत संपल्यावर काहीच परत मिळत नाही म्हणून कोणी नाक मुरडेल. मुरडू द्या, तो विमा त्यासाठी नसतोच.

जुलैची तारीख उलटली म्हणून घाबरू नका. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, आणि अर्ज आज दिला तर कंपनीचे आकडे तोवर हातात येतील. पोत गळ्यातच राहू द्या. ते 22,000 घेऊन तालुक्याला जा, भाच्याला सोबत न्या, आणि मोबाईल चार्ज करून न्या.