पिल्लांचं नाक धुवायचं का?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. सासवडच्या अलीकडे आमचं छोटं वराहपालन आहे, यॉर्कशायर जातीच्या १२ माद्या. गेल्या दोन वेतांत पिल्लांचं दूध तोडलं की दोन आठवड्यांत काही लंगडायला लागली, सांधे सुजले, ४ दगावली. पुतण्याने पुण्यातल्या एका लॅबमध्ये नाकाचे स्वॅब दिले. रिपोर्टात पाच-सहा जिवाणूंची नावं आहेत, त्यात ग्लेसरेला पॅरासुइस. खाद्यवाले म्हणतात, पुढच्या वेताला जन्मल्या दिवशीच सगळ्यांना अँटिबायोटिक टोचा आणि नाकं औषधाने धुवा. पुतण्या मायक्रोबायोलॉजी शिकतो. तो म्हणतो, नाकात जिवाणू जास्त असलेलेच बरे. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, ता. पुरंदर

उत्तर : ताई, पुतण्याचं ऐका, पण एक शब्द दुरुस्त करून. जिवाणू ‘जास्त’ नकोत, जास्त ‘प्रकारचे’ हवेत.

नाक धुण्याचं आधी निकालात काढतो. धुतलेलं पिल्लू खाली ठेवलं की पाचव्या मिनिटाला ते घाणीतच नाक खुपसणार. डुकराला जग कळतं ते नाकाने. औषध वाया, पिल्लू बेजार.

आता रिपोर्ट. ग्लेसरेलाचं नाव वाचून घाबरलात, पण तो निरोगी पिल्लांच्या नाकातही असतो. आम्ही शिकलो तेव्हा त्याला हिमोफिलस म्हणायचे. नोकरीच्या सुरुवातीला औंधला प्रयोगशाळेत होतो, तेव्हा याने मला दोन महिने रडवलं. जिवाणू वाढवायच्या साध्या रक्ताच्या प्लेटवर हा उगवायलाच तयार नाही. मग तिथल्या वयस्कर तंत्रज्ञाने प्लेटवर मधोमध स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जिवाणूची एक रेघ ओढून दाखवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्या रेघेच्या कडेने बारीक दवबिंदूंसारखे ठिपके! ग्लेसरेलाला लागणारं एक द्रव्य त्याला स्वतःला बनवता येत नाही, ते शेजाऱ्याकडून मिळतं. नाकातल्या वस्तीचं हे रूप मी तेव्हाच पाहिलं होतं, अर्थ मात्र पुढे कळला.

ग्लेसरेलाचे १५ सेरोवार, म्हणजे उपप्रकार, माहीत आहेत. काही नाकात गुपचूप राहतात, काही रक्तात शिरून सांधे, हृदयाचं आवरण, मेंदूपर्यंत जातात. ग्लासर नावाच्या जर्मन पशुवैद्याने १९१० मध्ये वर्णन केलेला आजार तो हाच. म्हणजे नाकात ग्लेसरेला सापडला एवढ्यावरून पिल्लं त्यानेच मेली असं ठरत नाही. लंगडण्याला स्ट्रेप्टोकॉकस सुइस आणि मायकोप्लाझ्मा हायोरायनिस हेही कारण असू शकतात, आणि त्यांचाही मुक्काम नाकाघशातच.

मग दूध तोडल्यावरच का? डुकराच्या गर्भाला वारेतून आईची प्रतिपिंडं मिळत नाहीत. जे काही मिळतं ते चिकातून, तेही पहिल्या चोवीस तासांत पोटात गेलं तर. ही शिदोरी दूध तोडण्याच्या सुमारास संपत येते. नेमकं तेव्हाच आपण चार माद्यांची पिल्लं एका खोलीत कोंबतो. शिदोरी शाबूत असताना, आईच्या अंगाशी असतानाच ज्या पिल्लाच्या नाकाची या जिवाणूंशी ओळख झाली, ते बहुधा तरतं. ज्याची ओळख राहून गेली, त्याला पहिली गाठ पडते तीच नेमकी वाईट वेळी.

इथे खाद्यवाल्यांचा सल्ला उलटा पडतो. स्पेनमधल्या संशोधकांनी दूध तोडतानाच्या पिल्लांचे नाकाचे स्वॅब घेतले आणि जिवाणू न वाढवता थेट त्यांच्या जनुकांवरून मोजदाद केली. पुढे ज्या फार्मवर ग्लासरचा आजार झाला, तिथल्या पिल्लांच्या नाकात प्रकार कमी निघाले. हे २०१६ मधलं. पुढे त्यांनी काही फार्मवर जन्माच्या वेळची सरसकट अँटिबायोटिकं थांबवून पाहिली. नाकातले प्रकार वाढले, आजार कमी झाला. मोजक्याच फार्मवरचं काम आहे, आणि विविधता हे आजार न होण्याचं कारण की नुसती खूण, हे एवढ्याने ठरत नाही. तरीही निरोगी पिल्लाला उगाच सुई टोचायला माझा हात धजणार नाही. आजारी पिल्लाची गोष्ट वेगळी: ताप आला, लंगडलं, की त्याच दिवशी गावच्या डॉक्टरांना बोलवा.

तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. कमजोर पिल्लाला पहिल्या सहा तासांत हाताने धरून सडाला लावा. एका मादीची पिल्लं दुसरीकडे देण्याची घाई नको. दूध तोडल्यावर शक्य तितके दिवस भावंडं एकत्र ठेवा. महिन्याच्या आत दूध तोडत असाल तर थोडं थांबा. आणि हो, हॉटेलचं खरकटं घालत असाल तर चांगलं उकळून. ते नाकासाठी नव्हे, स्वाइन फीव्हर हा डुकरांचा साथीचा रोग टाळण्यासाठी. हाताला जखम असेल तर मोजे घाला, स्ट्रेप्टोकॉकस सुइसने माणसाला मेंदूज्वर होतो आणि कायमचा बहिरेपणा येऊ शकतो.

पुढचं पिल्लू दगावलं तर, दगावू नये, पण तर, औषध न टोचलेलंच पिल्लू निवडा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी औंधच्या रोग अन्वेषण विभागात पोचवा. पोट उघडल्यावर आतड्यांवर, हृदयावर सायीसारखे पिवळट पापुद्रे दिसतात का ते विचारा, आणि नमुना सांध्यातला, हृदयाच्या आवरणातला घ्यायला सांगा. नाकातला नको.