अमेरिकेतल्या लॅटिनो (मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या लोकांच्या) वस्तीच्या गरजा जाणून घ्यायला सर्वेक्षणाचा फॉर्म पुरेसा आहे का?

नाही, नुसत्या फॉर्मवर भागत नाही. आधी लोकांच्या घरी बसून त्यांचं ऐकावं लागतं. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचंच बघा. 1974 मध्ये तिथल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्तीत लोकसंघटक अर्नेस्टो कोर्तेस यांनी चर्चच्या मंडळींसोबत घरगुती बैठका घेतल्या. पुढे आला तो पाण्याच्या निचऱ्याचा, पावसात रस्ते तुंबण्याचा प्रश्न. त्यातून ‘कॉप्स’ ही रहिवाशांची संघटना उभी राहिली, आयाबाया थेट नगर परिषदेत जाऊन जाब विचारू लागल्या आणि गटारांच्या कामाला पैसाही मंजूर झाला. मला हीच पद्धत खरी वाटते. मात्र तिथले बरेच लोक नागरिक, मतदार होते. अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नसलेले लोक अनोळखी माणसाला दार उघडायला कचरतात, आणि ग्वाटेमालाहून आलेल्या माया या तिथल्या मूळनिवासी समाजातल्या काही कुटुंबांशी स्पॅनिशमध्येही नीट बोलणं होत नाही. अशा ठिकाणी त्यांच्यातलाच माणूस सोबत हवा.