वाचकांचे प्रश्न : नदीकाठची वही

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो असून भुसावळला राहतो. गेली अकरा वर्षे बहुतेक रविवारी तापीवर गळ टाकून बसतो. आमच्या घरी मासे खात नाहीत, त्यामुळे सापडलेला मासा सोडून देतो आणि कोणता मासा, केवढा, हे एका जुन्या डायरीत लिहून ठेवतो. धाकटा मुलगा विचारतो, ‘बाबा, खायचा नाही तर धरता कशाला?’ या डायरीचा अभ्यासकांना काही उपयोग आहे का?

उत्तर : मुलाचा प्रश्न रास्त आहे. गळाला लागलेल्या माशाला त्रास होतोच, आणि त्याविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे. डायरीचे मात्र आधी सांगतो, कारण अशाच नोंदींमुळे आपल्या देशातल्या एका नदीत काय चालले आहे ते उघडकीस आले.

कर्नाटकात कावेरीच्या काठी गालिबोरे येथे हौशी गळकऱ्यांचा एक तळ होता. तिथे येणारे लोक महसीर हा नदीतला मोठा मासा धरीत, त्याची नोंद करीत आणि त्याला परत नदीत सोडीत. १९९८ ते २०१२ या काळातल्या या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी तपासल्या आणि २०१५ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. गळ टाकून बसल्याचे २३ हजारांहून अधिक तास आणि सापडलेले सहा हजारांहून अधिक महसीर एवढा तो ऐवज होता. वरवर पाहता चित्र समाधानाचे होते, कारण तासामागे सापडणाऱ्या माशांची संख्या वर्षागणिक वाढत होती. पण लोकांनी माशाचा प्रकारही लिहून ठेवला होता, म्हणून खरी गोष्ट कळली. वाढला होता तो निळसर परांचा महसीर, जो बाहेरून आणून कावेरीत सोडलेला होता. नदीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महसीर त्याच काळात घटत गेला होता. जगभरचे शौकीन ज्याच्यासाठी कावेरीवर येत, त्या कुबडाच्या माशाला तोवर धड शास्त्रीय नावही नव्हते. तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचे २०१८ मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी नामशेष होण्याचा धोका असलेल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. वहीत नुसते ‘महसीर, इतके नग’ असे लिहिलेले असते, तर नदी भरभराटीला आली आहे असाच निष्कर्ष निघाला असता.

तेव्हा आपली डायरी मोलाची आहे, पण तिच्यात एका गोष्टीची भर घालावी. खानदेशात काठावर बसलेल्या माणसाला येणारा-जाणारा ‘काय सापडनं भाऊ?’ असे विचारतो. संशोधक त्याच्या पुढे ‘किती वेळात?’ एवढेच जोडतो. गळ पाण्यात केव्हा टाकला आणि केव्हा काढला हे लिहिले, तरच एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करता येते. रिकाम्या हाताने परतलेला रविवारही लिहायलाच हवा. मी स्वतः हे उशिरा शिकलो. नोंदी ठेवायला लागलो त्या पहिल्या वर्षी मासा मिळाला तेवढेच दिवस मी लिहिले, आणि वर्षअखेरीस वही अशी दिसू लागली की जणू मी जाईन तेव्हा मासा माझी वाटच पाहत असे. ती वही मला बाजूला ठेवावी लागली.

आपण हतनूरच्या खालच्या अंगाला बसता, म्हणून त्या दिवशी धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडे होते तेही टिपून ठेवा. पावसाळ्यात ते वर्तमानपत्रात येतेच. पाण्याचा वेग आणि गढूळपणा एका रात्रीत बदलतो व त्याबरोबर गळाला येणारा मासाही बदलतो. माशाचे नाव भोई मंडळी सांगतील तेच लिहावे, लॅटिन नावाची धास्ती बाळगू नये. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ मध्ये छापले, तेव्हा त्याने आपल्याकडच्या मासेमारांच्या तोंडची नावे उचलून शास्त्रीय नावांत बसवली. शिंगटीच्या शास्त्रीय नावातले ‘सींगटी’ हे आपलेच आहे. नावाबरोबर पट्टी शेजारी ठेवून एक फोटो काढला की ओळखीचा प्रश्न पुढे कोणीही सोडवू शकतो.

प्रश्न : आम्ही काही मित्र सुट्टीत गिरणेवर मासे धरतो आणि फोटो काढून सोडून देतो. सोडलेला मासा पोहत जातो, म्हणजे तो जगतोच ना? (एक शिक्षक, चाळीसगाव)

उत्तर : पोहत जाणे आणि जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडातल्या एका प्रयोगात, जो १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला, रेनबो ट्राउट माशांना गळावर दमतात तसे दमवण्यात आले. त्यांतले जे पाण्यातच ठेवले, त्यांपैकी ८८ टक्के बारा तासांनंतर जिवंत होते. ज्यांना ३० सेकंद हवेत धरले, त्यांपैकी ६२ टक्के. आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी केवळ २८ टक्के. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्या माशांना लावता येत नाहीत. मरळ तर हवेतूनही श्वास घेते. तरीही रोहू किंवा कटला यांचे कल्ले पाण्याबाहेर एकमेकांना चिकटतात, आणि तुमच्या मित्राचा मोबाइल उघडेपर्यंत अर्धे मिनिट सहज निघून जाते.

आपल्याकडे उन्हाळ्याची भर वेगळीच. पाणी २० अंशांवर असताना त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसातच्या आसपास. दमलेल्या माशाला प्राणवायू जास्त लागतो तेव्हाच तो पाण्यात कमी असतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गळ टाकूच नये, हे माझे स्पष्ट मत आहे. एरवी गळाच्या टोकामागचा उलटा दात पक्कडीने चेपून टाकावा, म्हणजे गळ एका झटक्यात निघतो. माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करावेत. कोरड्या हाताने धरल्यावर तळव्याला जो बुळबुळीत थर लागतो, तो माशाला रोगजंतूंपासून राखणारा असतो, आणि तो उतरला की काही दिवसांनी त्या जागी पांढरे बुरशीचे ठिपके दिसू शकतात.

आणखी एक : धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तिथे गळ टाकण्यापूर्वी त्यांना विचारून घ्यावे.

प्रश्न : वडिलांच्या स्मरणार्थ अनेर नदीत महसीरची पिल्ले सोडण्याचा विचार आहे. कुठून आणावीत? (एक शेतकरी, चोपडा तालुका)

उत्तर : कृपा करून कुठूनच आणू नयेत. कावेरीत जे घडले त्यामागेही कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. रोहू, कटला, मृगळ हे मासे आज आपल्या बाजारात घरचे वाटतात, पण तेही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले आणि इकडे आणून सोडलेले आहेत. नदीसाठी काही करायचेच असेल, तर पावसाच्या पहिल्या पुरात अंडी घालायला वर चढणारे मासे गावातल्या लोकांनी धरू नयेत, एवढे ठरवून घ्यावे. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणे तर १८९७ च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे.

प्रश्न : गळाला तिलापिया लागला तर तोही सोडायचा का? (एक विद्यार्थिनी, अमळनेर)

उत्तर : नाही. मोझांबिक तिलापिया आपल्या देशात १९५२ मध्ये आणला गेला आणि आता तलावांतून हटायला तयार नाही, कारण मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे तिची वीण फारशी वाया जात नाही. तोंड उघडून पाहिलेत तर कधी मोहरीपेक्षा मोठे पिवळसर दाणे दिसतील. तीच ती अंडी. चवीला मासा बरा असतो. घरी खात नसतील तर शेजारी द्यावा.