लॅम्प पेटलाय म्हणजे क्युरिंग होतंय असं नाही

पोरा,

अक्कलकोट रोड एमआयडीसीत यूव्ही कोटिंगच्या मशीनवर लागलास, म्हणजे छपाईवरचा चकचकीत थर यूव्हीनं (अतिनील किरणांनी) वाळवायच्या कामाला, लई बरं वाटलं. एक सांगतो, लॅम्प पेटलेला दिसतोय म्हणजे क्युरिंग होतंय, म्हणजे कोटिंग नीट वाळून पक्कं होतंय, असं धरून चालू नको. मर्क्युरी लॅम्प जुना झाला की उजेड तेवढाच दिसतो पण यूव्ही उतरलेलं असतं, ते डोळ्याला कळत नाही, त्याला यूव्ही मोजणारा रेडिओमीटरच लागतो. मला हे चादरीच्या बॉक्सनं शिकवलं. वरून एकदम चकचकीत, रात्री थप्पी लावली आणि सकाळी बघतो तर बॉक्स एकमेकाला चिकटलेले, ओढले की कोटिंगसकट छपाई निघायची. लॅम्प किती तास चाललाय ते कुणीच लिहिलं नव्हतं, मी पण नाही.

म्हणून नवीन लॅम्प टाकला की त्याच दिवशी रीडिंग घे, बेल्टचा स्पीड पण लिही, नाहीतर पुढं तुलना कशाशी करणार? दर आठवड्याला त्याच स्पीडवर परत घे. रीडिंग पडलं की लगेच लॅम्पला दोष देऊ नको, आधी लॅम्पमागचा आरसा, म्हणजे रिफ्लेक्टर बघ, मालावर पडणारा निम्म्याहून जास्त उजेड तिथूनच येतो. आणि आपल्या सोलापुरात शेजारी टॉवेलचे लूम असले की कापसाची बारीक लव ब्लोअरच्या फिल्टरमध्ये जाऊन बसते, हवा कमी पडते, मग उन्हाळ्यात लॅम्प तापून वाकतो. फिल्टर काढून उजेडासमोर धर, आरपार दिसत नसेल तर साफ कर.

लॅम्पला उघडा हात लावायचाच नाही. बोटाचा घाम लॅम्पच्या क्वार्ट्झ काचेवर राहिला की लॅम्प तापल्यावर तिथंच भाजून बसतो, दुधासारखा पांढरा डाग पडतो, तो परत निघत नाही. पुसायला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि लव न सोडणारं कापड घे, लॅम्प पूर्ण गार झाल्यावरच, मेन स्विच बंद करून.

लॅम्पवरच्या झाकणाच्या, म्हणजे शील्डच्या फटीतून उजेड येत असेल तर मशीन थांबव, मालक ओरडला तरी. मी एकदा यूव्हीच्या चष्म्याशिवाय वाकून बघितलं, तेव्हा काहीच झालं नाही, रात्री मात्र डोळ्यात वाळू टाकल्यासारखं झालं, पहाटेपर्यंत झोप नाही. ओझोनचा उग्र वास यायला लागला तर एक्झॉस्ट बघ. आणि लॅम्प फुटला तर झाडू मारू नको, व्हॅक्यूम तर अजिबात नाही, आत पारा असतो, सगळ्यांना आधी बाहेर काढ.

या आठवड्याचं रीडिंग घेतलंस की मला पाठव, लॅम्पचे तास पण लिही.