व्हिडिओ लावला की पीसी हँग: आधी नेमकं काय अडकतंय ते बघा

तुमचं दुखणं थोडक्यात असं: व्हिडिओ लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांत चित्र थिजतं, आवाजाचा शेवटचा तुकडा टर्रर्र करत राहतो, आणि पॉवरचं बटण दाबून धरण्यावाचून इलाज उरत नाही. गेम मात्र दोन-दोन तास चालतात. विंडोज नव्याने टाकूनही फरक नाही.

यातलं गेमचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. हँग म्हटलं की लोक लगेच 'एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदला, चिपवरची थर्मल पेस्ट बदला' सुरू करतात. अहो, गेममध्ये ग्राफिक्स चिप कितीतरी जास्त तापते आणि वीजही जास्त खेचते. तिथे जे टिकतं ते व्हिडिओसारख्या हलक्या कामात उष्णतेने कशाला कोलमडेल? तेव्हा इतक्यात पैसे घालवू नका. व्हिडिओ डिकोड करायला, म्हणजे दाबून साठवलेली फाइल उलगडून चित्र बनवायला, ग्राफिक्स चिपमध्ये एक वेगळा भाग असतो, जो गेम खेळताना सहसा वापरलाच जात नाही. शिवाय हलकं काम असलं की चिप वीज वाचवायला आपला वेग सारखा कमी-जास्त करते. ड्रायव्हरमधली, म्हणजे ही चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली, खोट नेमकी अशा ठिकाणी बाहेर येते.

पुढच्या वेळी अडकला की बटणाकडे हात नेण्याआधी कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर मशीन अजून जिवंत आहे, मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, स्क्रीन क्षणभर काळी होते. चित्र परत आलं तर चोर ड्रायव्हरच्या आसपासच आहे. दिवा ढिम्म राहिला तर सगळं मशीनच गोठलंय. पण त्यावरून ड्रायव्हर सुटला असं समजू नका, तोही पूर्ण मशीन बसवू शकतो.

मग ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये सिस्टमखाली हार्डवेअर किंवा ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशन बंद करा, ब्राउझर पुन्हा उघडा आणि तोच व्हिडिओ तासभर चालू द्या. आता डिकोडिंग प्रोसेसरवर होईल, पंखा थोडा ओरडेल, ओरडू द्या. हँग गेला तर खोट ग्राफिक्सच्या डिकोडिंगमध्ये किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये आहे असं समजा. डाउनलोड केलेली फाइल व्हीएलसी या प्लेअरमध्येही अशीच तपासा, तिथे इनपुट-कोडेक्समध्ये हार्डवेअर डिकोडिंग बंद करता येतं. आणि कृपया एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बदलून बरं झालं तर कशाने झालं ते कधीच कळत नाही.

विंडोज नवं टाकून उपयोग का झाला नाही? कारण अपडेटने बहुधा तोच ड्रायव्हर परत आणून बसवला. डीडीयू हे ड्रायव्हर मुळापासून काढणारं टूल सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींवर चालतं ती अवस्था) चालवून जुना पुरता काढा, इंटरनेट तोडून ठेवा, आणि चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवलेला ड्रायव्हर टाका. सगळ्यात नवाच हवा असं नाही. कधी कधी सहा महिने जुना जास्त शहाणा निघतो.

इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत सिस्टम लॉग बघा. ४१ नंबरची नोंद दिसेलच, पण ती फक्त मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच सांगते, आणि ते तुम्हीच बटण दाबून केलंय. हँगच्या वेळेच्या आसपास ४१०१ असेल तर डिस्प्ले ड्रायव्हर. १२९ असेल तर डिस्क किंवा तिची केबल, अशा वेळी बहुधा माउस हलतो पण काही उघडत नाही. डब्ल्यूएचईए (हार्डवेअरच्या चुका टिपणारी विंडोजची यंत्रणा) नावाची नोंद असेल तर खुद्द हार्डवेअर.

हार्डवेअरवरून आठवलं. माझ्या जुन्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं, ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच होतं, आणि लक्षणं अगदी तुमच्यासारखी होती, फक्त त्यावर मी गेम खेळत नव्हतो. दोन आठवडे ड्रायव्हरशी झटलो. शेवटी रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली, व्हिडिओ रात्रभर चालला. पट्ट्यांची अदलाबदल केली, चाळिसाव्या मिनिटाला हँग. त्या पट्टीचे पिवळे दात खोडरबरने पुसून पाहिले, तरी रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टमध्ये चुकांच्या लाल ओळी येतच राहिल्या. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स मुख्य रॅममधलाच वाटा वापरतं, त्यामुळे रॅमचा दोष ग्राफिक्सचा वाटतो.

तुमचं ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे की प्रोसेसरमधलंच, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते, रॅमच्या पट्ट्या किती, आणि कॅप्स लॉकचं काय झालं, एवढं सांगा.